कोर्टाच्या भिंतीतलं भोक

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या तालुक्याच्या जुन्या कोर्टाची दगडी पायरी तर मधोमध पार झिजली आहे. म्हणजे आमच्याकडे शहाणे कमीच, असं मनात म्हणत मीही ती चढले, बाबांच्या मागोमाग.

त्या दिवशी बाबांची साक्ष होती, तीही सख्ख्या धाकट्या भावाविरुद्ध. बोदलकसा तलावाकडच्या आमच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे दोघांमधला बांध, काकाने कोरला, असा बाबांचा दावा होता. कित्येक वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. एकदा साक्ष झाली की उरलंसुरलंही तुटणार, हे मला कळत होतं.

तरी माझी नजर इमारतीवरून हटेना. जुनी इमारत दिसली की न्याहाळत बसायची खोडच आहे मला. भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या खाचेत एक वकील फायली पसरून ऐसपैस बसले होते. वर सागाच्या वाशांवर कवेलूंचं छप्पर, आणि चारी बाजूंनी कमानींचा व्हरांडा. बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाला आमचा उन्हाळा चांगलाच भोवला असणार. बाबा पूर्वेच्या व्हरांड्यात बसले. काका आम्हाला बघून मुद्दाम पश्चिमेच्या व्हरांड्यात गेला.

पण दुपार कलली तसं ऊन पश्चिमेच्या कमानींतून थेट आत आलं आणि तिकडची माणसं उठून आमच्याकडे सावलीला आली. काकाही आला. जागा फक्त आमच्याच बाकावर होती. तो टोकाला टेकला, बाबांनी मान फिरवली.

ती शांतता मला सोसेना. समोरच्या भिंतीत, पार छताखाली, एक गुळगुळीत गोल भोक होतं. ते कशासाठी असेल, म्हणून मी बाबांना विचारलं. मले नाही मालूम, म्हणाले.

"आतल्या कापडी पंख्याची दोरी तिथून बाहेर येत होती," काका भिंतीकडेच बघत म्हणाला. "ओढणारा इथं बसून राहे."

बाबांनी मान त्याच्याकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "तुले कोणं सांगतलं?"

"बाबूजीनं. त्यायची बी भावासंगंच केस होती ना. आपल्या दोघायले घेऊन येत होते. इथंच बसून एका डब्यात जेवत होतो आपण."

बाबूजी म्हणजे माझे आजोबा. त्यांची भावाशी केस होती, हे मला घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं. ती केस कोण जिंकलं, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात शिपायाने आमच्या नावाचा पुकारा केला.

बाबा उठले, आत न जाता आधी आमच्या वकिलांना बाजूला घेऊन पुढची तारीख मागून घ्या म्हणाले. वकील वैतागले. दर वेळी तारीख पडली की हाच माणूस अख्ख्या कोर्टाचा उद्धार करायचा. पण तारीख मिळाली.

परतताना त्या झिजलेल्या पायरीवर बाबा थांबले. काका मागून येत होता.

"पुढल्या तारखेले डबा आणू नको," बाबा त्याला म्हणाले. "मी आणतो."