हळदीच्या अंगावर

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मित्राच्या लग्नाआधीची पार्टी मीच ठरवली, शंकर नगरात खोली घेतली, दारू आणली. हळदीच्या संध्याकाळी त्याला न्यायला गेलो, तर तो मला मांडवामागे नेऊन म्हणाला, "मी नाही येत. बाप दारूनंच गेला, तुले माहीत आहे ना?"

माझ्यासोबत आलेले पोट्टे हसले. "भैया, तुमची पार्टी, अन् नवरदेवच नाही!"

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो पडल्यावरही मारतच राहिलो. मूठ हळदीनं आणि रक्तानं माखली.

घरी त्यानं स्कूटरवरून पडलो म्हणून सांगितलं. लग्नाच्या पंगतीत नवरीनं घास भरवला, पण ओठाला घातलेल्या टाक्यांमुळे त्याला तोंड उघडता येईना. तिनं मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही सोबत होते ना? कसे पडले हे?"

"वळणावर गाडी घसरली," मी म्हणालो.