गियर काढलेली सायकल

आमच्या रहिमतपुरात नव्वदच्या सुमारास सायकल म्हणजे कामाची वस्तू. दुधाचे कॅन, गवताचा भारा, मागं बायको आणि पुढं दांडीवर पोरगं, एवढं ओझं घेईल ती सायकल. नुसतं फिरायला म्हणून कुणी सायकल घेतली असती तर लोकांनी त्याला येड्यात काढलं असतं. तसली सायकल मी माझ्या वडिलांना घ्यायला लावली. का, ते आधी सांगते.

आप्पा पलटणीत सुभेदार. माझं सगळं लहानपण त्यांच्या दोन-दोन महिन्यांच्या रजेत मावलेलं. रजेवर आले की मला कॅरियरवर बसवून पाटाच्या कडेच्या वाटेनं मळ्यात न्यायचे. मी सहा वर्षांची असताना त्याच वाटेवर माझी टाच मागच्या चाकाच्या तारांत गेली, चांगली फाटली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची रजा संपली. पुढं पत्रं यायची. ऊस, म्हैस, पाऊसपाणी, आणि शेवटच्या ओळीत ‘पोरीच्या पायाला कसं हाय’. पाय बरा होऊन मी लंगडी खेळायला लागले, मॅट्रिक झाले, तरी ती ओळ काही सुटली नाही. आम्ही हसायचो.

मी बी.ए. झाले, सांगलीत माझं लग्न ठरलं आणि त्याच वर्षी आप्पा कायमचे घरी आले. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची, म्हणजे हातात जेमतेम अडीच महिने. घरी आले खरे, पण बोलेनात. पहाटे उठायचं, दाढी करायची, बुटांना पॉलिश करायचं आणि ओट्यावर पेपर घेऊन बसायचं. चहा दिला की ‘ठीक’, भात वाढला की ‘बस’. मला धास्तीच बसली. असंच चाललं तर मी सासरी जाईन आणि या माणसाची नि माझी ओळख व्हायची राहूनच जाईल. पण मी रडणारी नव्हे, चिडणारी. एक दिवस जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिले.

“आप्पा, तुमाला सायकल घ्यायची. माझी लेडीज हाय. रोज सकाळी दोघं पाटानं फिरायला जाऊ.”

आई आतून म्हणाली, “हवा खायाला सायकल कशाला लागती गं? पाय हायत न्हवं?”

आप्पांनी पेपर खाली ठेवला. “कवा जायचं आणायला?”

साताऱ्याला पोवई नाक्यापलीकडच्या दुकानात गेलो. एका बाजूला त्या काळ्या, बावीस इंची, दूधवाल्यांच्या. छताला टांगलेल्या दोन चकचकीत, भारी किमतीच्या, त्यांच्याकडं आप्पांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. मधल्या किमतीची एक होती. जाड टायर, सरळ हँडल, मागं पाच गियर. ना मडगार्ड, ना कॅरियर. मी तिच्यावरच बोट ठेवलं. पाटाच्या वाटेला मुरूम, त्यात बाभळीचे काटे. बारीक टायर तिथं दोन दिवस टिकला नसता. आप्पांचा गुडघा थंडीत धरायचा, म्हणून पाय टेकवून बघायला लावले. दोन्ही टेकले.

दुकानदार म्हणाला, “आवं सुभेदारसाहेब, ही लोड घेत न्हाई.”

“लोड न्यायचाच न्हाई,” मी म्हणाले. “फिरायचं हाय.” त्यानं माझ्याकडं बघून घेतलं.

आप्पा सायकल घेऊन समोरचा चढ चढून गेले आणि परत आले तेव्हा हसत होते. आख्ख्या जन्मात त्यांना असं हसताना मी फार तर चारदा पाहिलं असेल. “लय हलकी हाय गड्या,” त्या दुकानदारालाच म्हणाले. मला वाटलं, जिंकलं.

चालवून बघितलेली नमुन्याची होती. आमची नवी जोडायला दोन दिवस लागणार होते आणि मला बस्त्यासाठी सांगलीला जायचं होतं. तेवढीच चूक झाली. आप्पांना एकट्याला दुकानात जाऊ द्यायला नको होतं.

परत आले तर अंगणात सायकल उभी. एसटीच्या टपावरून आणलेली, हँडलला हार, पुढच्या मडगार्डवर हळदीकुंकू. मडगार्ड! दुहेरी स्टँड, डायनामो, लोखंडी कॅरियर, मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी जाळी आणि चेनीवर पुरं झाकण. झाकण बसेना म्हणून मिस्त्रीला सांगून गियर काढून टाकलेले. ते कागदात बांधून कॅरियरला लटकवले होते.

माझं डोकंच फिरलं. “आप्पा, बैलगाडी केलीसा की हिची! एवढी निवडून घेतली ती कशाला? तुमाला काय कळतच न्हाई.”

“बरं,” आप्पा म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

तीन दिवस घरात ‘ठीक’सुद्धा ऐकू आलं नाही. ज्या गोष्टीला मी भीत होते ती माझ्याच तोंडानं ओढवून घेतली होती. चौथ्या दिवशी सकाळी गियर परत बसवता येतील का ते बघायला सायकलीपाशी उकिडवी बसले. जाळी चांगली बारीक होती, बोटसुद्धा आत जाईना. कॅरियरवर पलटणीतल्या कांबळ्याची घडी सुतळीनं आवळून बांधलेली.

“हे कुणासाठी?” मी विचारलं.

आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, “तू तुजी चालवणारच. पर म्हटलं, जायच्या आदी एक डाव मागं बसवून न्यावी.” मग पेपरची घडी घालत, “तवा जाळी न्हवती. रक्त थांबलं न्हवतं, आन् मी गाडीत जाऊन बसलो.”

सोळा वर्षं ती ओळ पत्रातून येत होती आणि आम्ही हसत होतो. घरात जाऊन नुसता पदर खोचला आणि बाहेर येऊन कांबळ्यावर बसले.

बावीस वर्षांची घोडी बापामागं कॅरियरवर बसलेली बघून पाटावरच्या बायका धुणं थांबवून बघायला लागल्या. बघू देत म्हटलं. सायकल जड, त्यात मी काही हलकी नव्हे. खड्डा आला की आप्पा मान न वळवता म्हणायचे, “पाय लांब धर.” जाळी होती तरी म्हणायचे. मीही धरत होते.

मळ्याच्या अलीकडं चढ लागतो. गियर असते तर चढून गेलो असतो. आप्पा उतरले आणि हँडल धरून सायकल ढकलायला लागले.

“आप्पा, मी उतरते.”

“बस,” ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

चढ संपेपर्यंत मी उतरले नाही.