वगळलेलं दार

आधीच सांगून टाकते, चूक माझी. गल्लीतली मंडळी समजूत घालतात, "तोमिए, तू काय मुद्दाम केलंस?" मुद्दाम केलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. मी तर भलं करायला गेले होते.

ओसाकातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच माझी लाँड्री आहे. गेली अकरा वर्षं एम्रिस मास्तरांचे पाच शर्ट दर सोमवारी माझ्याकडे येतात. बाह्यांवर फळ्याच्या पेनाचे निळे-तांबडे डाग. स्टेशनजवळच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मास्तर इंग्रजी शिकवतात. दुपारी लहान मुलं, संध्याकाळी दमून आलेले कारकून. मुलांसमोर माकड होतात, हत्ती होतात, आणि कारकुनांसमोर विमानतळावरचे साहेब. ते वेल्सचे. एकदा मी चुकून "तुमचं इंग्लंड" म्हणाले, तर असे बघायला लागले की माझ्या हातातली इस्त्रीच थांबली.

त्यांना खोड एकच, फोटो काढायची. आणि कशाचे म्हणाल? कचऱ्याच्या पिशव्यांवर कावळ्यांच्या भीतीने टाकतो त्या जाळीचे! कठड्यावर वाळत घातलेल्या गाद्यांचे. माझ्या दुकानातल्या तारेच्या हँगरांचे.

"अहो मास्तर, किल्ल्याचे काढा की! एवढे लांबून लोक येतात."

"किल्ला कुठे पळून जातोय, तोमिएताई? ही जाळी मात्र उद्या बदलतील."

वेडं माणूस, म्हणायचे मी. पण माझ्या हँगरांचा फोटो आईला पाठवला म्हणाले, तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

माझ्या शेजारी मास्तर, आणि त्यांच्या शेजारी किनुयो आजी. आजी चौऱ्याऐंशीची, एकटी, मुलगा हिदेओ नागोयाला. आजीने मास्तरांकडे इंग्रजीची शिकवणी लावली होती. बुधवारी मास्तरांना सुट्टी, म्हणून बुधवारी दुपारी तीनला. या वयात इंग्रजी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "वर गेल्यावर शेजार कुणाचा मिळेल सांगता येतं का?" फी म्हणून शिजवलेला भोपळा, संत्री, कधी बांगडा. सहा वर्षांत आजीला धड दहा वाक्यं आली नाहीत. दोघं बुधवारी करतात तरी काय, हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही.

आता आमच्या पाटीचं सांगते. गल्लीत एक पुठ्ठ्याची पाटी फिरते, चिमट्यात कागद. गटारसफाई कधी, उत्सवाला वर्गणी किती, कोण गेलं. वाचायचं, आपल्या नावापुढच्या चौकटीत सहीऐवजी नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात नेऊन द्यायची. मास्तर नवे आले तेव्हा मीच ठरवलं, परका माणूस, अक्षर ओळखीचं नाही, शिक्का नाही, कशाला बिचाऱ्याच्या डोक्याला ताप? म्हणून त्यांचं दार ओलांडून पाटी थेट आजीकडे. कागदावर त्यांच्या नावाची चौकटसुद्धा नव्हती. दुसऱ्याला त्रास होऊ द्यायचा नाही, हेच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मला वाटायचं, काय पण माझा समजूतदारपणा! आग लागो त्याला.

गेल्या हिवाळ्यात आजी अंगणात दोरीवर मुळे वाळत घालत होती आणि मी धुतलेली रजई द्यायला गेले होते. मास्तर कॅमेरा घेऊन उभे. एक मुळा सटकला आणि आजीच्या डोक्यात! हसली, हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढचा एक दात नाही म्हणून ती हसताना नेहमी तोंडावर हात धरायची. पण दोन्ही हातांत मुळे, धरणार कशी? मास्तरांनी बरोबर तेव्हाच टिपलं.

फोटो बघितला आणि आजी म्हणाली, "हाच. माझ्या अंत्यविधीला हाच लावायचा. नवऱ्याने मला अशीच पाहिलेली, वर ओळखेल तरी."

"आजी, काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरीच काय? सगळेच निवडून ठेवतात. हिदेओकडे देऊ नकोस, तो हरवेल. तूच आण, स्वतः. आणशील ना रे पोरा?"

"आणेन."

"वचन?"

"वचन, आजी."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढच्या आठवड्यात मास्तर काळी चौकट विकत घेऊन येतानाही मी पाहिले.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आजी स्वयंपाकघरात पडली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मास्तर शिकवणीच्या मुलांना घेऊन सहलीला गेलेले. सोमवारी पहाटे आजी गेली. यंदा गल्लीची प्रमुख मीच, त्यामुळे कागद मी लिहिला. मंगळवारी संध्याकाळी शेवटचं दर्शन, बुधवारी अकराला अंत्यविधी. आजीचं घर तर बंदच, म्हणून पाटी मी तिच्या पलीकडच्या घरी दिली. मधलं एक दार सवयीने ओलांडलं, कळलंदेखील नाही. सोमवारी मास्तर शर्ट टाकून गेले तेव्हा काउंटरवर नवरा होता. तो त्यांना काही बोलला नाही, पाटी जाईलच असं त्याला वाटलं. प्रत्येकाला तसंच वाटलं.

मंगळवारी दर्शनाच्या सभागृहात आजीचा फोटो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. हिदेओला घाईत सापडला तो वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सहलीतला. गर्दीतून डोकं तेवढं कापून मोठं केलेलं, चेहरा धूसर, तोंडावर हात. मानेखाली कुणाचा तरी काळा किमोनो संगणकावर चिकटवलेला. ही आमची आजी?

मी इकडेतिकडे बघितलं. मास्तर नाहीत. मग सुटलाच माझा तोंडाचा पट्टा. "बघा, सहा वर्षं तिच्या हातचं खाल्लं, आणि एक फोटो आणवला नाही! वचन दिलं होतं. परकी माणसं ती शेवटी परकीच." लोकांनी माना डोलावल्या. बोलताना मला लाज वाटली नाही, हे आज आठवलं की घास उतरत नाही.

बुधवारी सगळं आटोपून आम्ही तीनच्या सुमारास गल्लीत परतलो. आमच्यात मसणातून आल्यावर उंबऱ्याबाहेर अंगावर मीठ टाकतात. मी पुडी फोडत होते, तोच आजीच्या दारातली घंटा वाजल्यासारखं वाटलं. बघते तर मास्तर! हातात कागदी पिशवी, त्यातून भाजलेल्या रताळ्यांची वाफ येतेय. इस्त्रीचा शर्ट. माझ्याच हातची इस्त्री.

मी तिथूनच कडाडले, "आत्ता आलात होय? आत्ता?"

मास्तरांनी माझे काळे कपडे पाहिले, हातातलं मीठ पाहिलं. "कोण गेलं, तोमिएताई?"

"कोण गेलं म्हणजे? सोमवारीच पाटी..."

पाटी मीच दिली होती ना. कुणाच्या दारात दिली होती? मास्तरांनी वळून आजीच्या बंद दाराकडे पाहिलं.

मग हळूच म्हणाले, "फोटो कुठला लावला?"

"हिदेओने आणला होता एक."

"त्यात हसत होत्या?"

"तोंडावर हात होता," मी म्हणाले.

मास्तर रडले नाहीत. मीच रडायला लागले. "मास्तर, मला वाटायचं तुम्हाला वाचता येत नाही. उगाच त्रास नको म्हणून..."

"येतं वाचता. आजींनीच शिकवलं, तुमच्या पाटीवरून. दर बुधवारी पाटीतला कागद समोर ठेवायच्या आणि मला वाचायला लावायच्या." त्यांनी रताळ्यांची पिशवी आजीच्या दाराशी नीट ठेवली. "शिक्काही करून दिला त्यांनी. मी म्हणायचो, तोमिएताईंना सांगूया. तर म्हणायच्या, नको, ती मनाने वाईट नाही. एक दिवस आपणहून आणेल."

सहा वर्षं वाट पाहिली तिने माझी. आणि मला बाई, मधलं एक दार ठोठावायला झालं नाही.

डिसेंबरची पाटी निघाली तेव्हा पट्टी घेऊन मी एक चौकट जास्त आखली, त्यात मास्तरांचं नाव लिहिलं आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. दार उघडलं. समोर चपलांच्या कपाटावर काळ्या चौकटीत आजी, दोन्ही हातांत मुळे, दात नसलेलं तोंड उघडं टाकून हसतेय. पुढे चहाचा पेला आणि एक संत्रं.

मास्तरांनी खणातून शिक्क्याची डबी काढली. शाईच्या गादीवरचा प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता. तो सोलला, शिक्का टेकवला, हलकेच उचलला.

मी पाटीसाठी हात पुढे केला. "द्या, पुढे मी नेते."

"थांबा, तोमिएताई. आज बुधवार आहे."

ते आजीच्या फोटोसमोर ताठ उभे राहिले आणि गटारसफाईची सूचना मोठ्याने वाचायला लागले. वार, तारीख, कुणी बादली आणायची, कुणी झाडू. शेवटपर्यंत वाचलं. कुठेही अडले नाहीत.