बरी झालेली बाई

मुआन्झा शहरातल्या, सरोवराकाठच्या किरुम्बा बंदरावर न्यामिझीला सगळे कुल्वाची आई म्हणत. जुळ्या मुलींतली थोरली कुल्वा, म्हणून ते नाव. मुली लग्न होऊन लांब गेल्या, तरी नाव राहिलं. सरोवरातून पहाटे येणारी डगा नावाची बोटाएवढी मासळी ती विकत घ्यायची, खडकांवर पसरून वाळवायची आणि पोत्यांनी विकायची. पण टेकडीवरच्या मोठ्या हॉस्पिटलात मात्र तिला वेगळ्याच नावानं ओळखत. तिथे ती होती 'बरी झालेली बाई'.

छातीच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या बायकांचा तिथे एक गट होता. गटाचं नाव 'तुपो', म्हणजे 'आम्ही आहोत'. दर मंगळवारी हॉस्पिटलच्या धोबीखान्यामागच्या सपाट खडकावर त्या जमायच्या. कोणी नवी बाई गाठ घेऊन, घाबरून अर्धी होऊन आली, की गटाची म्होरकी पर्पेतुआ, स्वतःही त्याच आजारातून उठलेली, न्यामिझीला पुढे ढकलायची.

"ही बघ. हिची एक बाजू कापली. केस गेले, नखं काळी पडली. आता डग्याची पोती उचलते आणि नवऱ्याला बोलणी ऐकवते. आहे का काही झाल्यासारखी?"

मग न्यामिझी हसायची आणि म्हणायची, "घाबरू नकोस गं. त्रास होतो, पण संपतो. माझा संपला ना?"

हे ती मनापासून म्हणायची. तिचा खरंच संपला होता.

कंबरेत चमक भरली तेव्हा तिला वाटलं, पोतं वाकडं उचललं. तिचा नवरा बुजिकू जाळी विणायचा. त्यानं तेल चोळून दिलं. चमक जाईना. मग ती एकदाची टेकडीवर गेली, आणि तपासण्या झाल्यावर तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की, तोच आजार परत आलाय, या वेळी पाठीच्या हाडात.

"तोच?" न्यामिझीनं विचारलं. "पण तो तर तुम्ही कापून टाकला होता."

"छातीतला कापला. त्यातलं थोडं आधीच शरीरात पसरलेलं असणार. ते तेव्हा दिसलं नाही."

"म्हणजे छातीचा आजार पाठीत?"

"हो. आता तो मुळातून जाणार नाही. पण केमोनं आटोक्यात ठेवता येईल."

"किती वेळा घ्यायची?"

"उपयोग होतोय आणि तुम्हाला झेपतंय, तोवर घ्यायची."

न्यामिझीनं मान हलवली. पुन्हा हलवली. बाई अजून काहीतरी समजावत होत्या आणि ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. बाहेर बाकावर बुजिकू टोपी हातात धरून बसला होता.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तोच आहे. पण पाठीत."

"तोच कसा? त्यांनी जुनंच चित्र बघितलं नसेल ना?"

"जुन्या चित्रात पाठ कुठे होती?"

"मग बरं कधी होणार?"

"होणार नाही म्हणाल्या. पण औषध देणार."

"बरं होणार नाही तर औषध कशाला?"

"मला काय विचारता, कुल्वाचे बाबा? आत मी एकटी होते, पण तुम्हाला कळलं तेवढंच मलाही कळलंय."

खाली उतरताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तिनं काय चुकीचं केलं? पहिल्या वेळी सांगितलं ते सगळं तिनं केलं होतं. एकही वेळ चुकवली नव्हती. मग हे काय? नणंद म्हणाली, कोणीतरी करणी केली, तुझ्या पोत्यांवर डोळा होता लोकांचा. चर्चमधली शेजारीण म्हणाली, विश्वास कमी पडला. न्यामिझीला दोन्ही पटलं नाही, आणि रात्र पडेपर्यंत दोन्ही थोडं थोडं पटायला लागलं.

पण तिला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती मंगळवारची. त्या खडकावर जाऊन काय सांगायचं? 'माझा संपला' म्हणून जिनं इतक्या जणींना सुईसमोर बसवलं, तीच परत हात पुढे करून बसणार? होलो नावाच्या एका बाईला तर तिनं घरून ओढून आणलं होतं. होलोला काय वाटेल? तिनं नर्सला विनवलं, "मला मंगळवारी नको. दुसरा कुठलाही दिवस द्या." नर्सनं गुरुवार दिला.

या वेळचं औषध वेगळं होतं. ओकाऱ्या कमी, पण बोटांची टोकं बधिर झाली. वाळलेल्या माशात खडा असला तर बोटांना कळेना. आणि डोक्यात धुकं भरलं. चहात साखर दोनदा पडायची, नाहीतर पडायचीच नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवायचं नाही. एकदा हॉस्पिटलातून परतताना ती भलत्याच डालाडालात चढली. बस गच्च भरलेली, कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतोय, आणि हिला वाटतंय आपण घरी चाललोय. खिडकीतून सरोवर दिसेना तेव्हा ती घाबरली.

"बाबा, किरुम्बा कधी येणार?"

"किरुम्बा?" कंडक्टर हसला. "मावशी, किरुम्बाकडे तुमची पाठ आहे. आपण इगोमाला पोचलो."

ती उतरली आणि तिथेच एका टायरवाल्याच्या दुकानासमोर बसून रडली. रस्ता चुकला म्हणून नव्हे. कशासाठी रडतोय हेच तिला कळेना, म्हणून जास्त रडली.

सगळ्यात वाईट म्हणजे डग्याचा वास. जन्म त्या वासात गेला होता. आता तो नाकात शिरला की पोटातून ढवळून यायचं. जाळ्यांनाही तोच वास, म्हणून बुजिकू शर्ट बदलून, साबणानं हात घासून जवळ यायचा, तरी ती तोंड फिरवायची. तो बिचारा अंगणात बसून मक्याच्या पिठाची उगाली खायचा आणि दारातून म्हणायचा, "माझा एवढा घाण वास येतो, हे लग्नाआधी सांगायचं होतंस." ती हसायची आणि लगेच तिला त्याची दया यायची.

असे काही गुरुवार गेले. मग एका गुरुवारी ती खुर्चीत, हाताला नळी लावून डोळे मिटून पडली होती, तेव्हा कोणाचातरी खणखणीत आवाज आला.

"अगं ए मासळी!"

पर्पेतुआ. पोस्टातून निवृत्त झालेली, ओठांना लाली, डोक्यावर केसांचा तांबूस टोप, चालताना बांगड्यांचा आवाज. ती सरोवरापलीकडच्या बुकोबाची, केळी हेच ज्यांचं रोजचं जेवण त्या हाया लोकांतली. न्यामिझी तिला 'केळीखाऊ' म्हणून चिडवायची आणि ती न्यामिझीला 'मासळी'.

"ताई," न्यामिझी पुटपुटली. तिला खुर्चीखाली लपावंसं वाटलं.

"मंगळवारी वाट बघून बघून आमचे डोळे गेले. मी होलोला तुझ्या घरी पाठवलं, तर तुझा नवरा म्हणतो, बहिणीकडे गेली. कुठली बहीण? ही नळी का?"

"मी त्याला तसं सांगायला सांगितलं होतं."

"का?"

"मी सगळ्यांना सांगायचे ना, बरं होतं म्हणून." ती म्हणाली. "मी खोटी पडले, ताई. तुमच्यासारखी नाही मी. तुम्ही खऱ्या बऱ्या झालात."

पर्पेतुआनं शेजारची रिकामी खुर्ची ओढली, तीत बसली आणि बाही वर सरकवली. नर्स आली, तिनं पर्पेतुआच्या दंडाला पट्टा बांधला आणि शीर शोधायला लागली. न्यामिझी बघतच राहिली.

"हे काय?"

"हे माझं. दर वेळी शुक्रवारी घेते, उद्या नातीचं बारसं, म्हणून आज आले. माझा परत येऊन किती वर्षं झाली. मध्ये गोळ्या होत्या, आता पुन्हा नळी."

"पण तुम्ही तर... तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कोणी कधी विचारलं? मी लाली लावते, मोठ्यानं बोलते, तुम्ही धरून चाललात. नव्या बाईला आधीच घाम फुटलेला असतो, तिच्यासमोर कशाला हे? म्हणून तुला पुढे करायचे."

न्यामिझीला राग आला. मग हायसं वाटलं. मग परत राग आला. इतकी वर्षं ज्या दोघींचं उदाहरण दिलं जायचं, त्यांतली एक आजारीच होती आणि दुसरी आजारी पडायची होती. मग बरं म्हणजे नक्की कोण होतं?

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हवं होतं," पर्पेतुआ म्हणाली.

जरा वेळानं तिनं पिशवीतून बाटली काढली. चिंचेचं गार पाणी. "घोट घोट पी. वास आला की नाकाला लिंबाची साल लाव. गरम जेवण नको, गार कर, मग वास उठत नाही. आणि एकटीनं बसनं जायचं नाही, मी कोणालातरी लावून देते."

"तुम्हालाही डोक्यात धुकं येतं?"

"मागच्या महिन्यात मी टोप घालायला विसरून चर्चला गेले. पाद्री ओळखेनात."

दोघी इतक्या हसल्या की नर्सनं नळ्या सांभाळा म्हणून दटावलं.

त्यानंतर पर्पेतुआनंही गुरुवार धरला. होलोला सगळं कळलं. न्यामिझीला वाटत होतं ती भांडेल. एका गुरुवारी होलो हॉस्पिटलात आली, दाराशी उभी राहिली, "म्हणजे माझाही परत येणार?" एवढंच विचारलं, आणि उत्तर न ऐकता निघून गेली. पुढच्या गुरुवारी मात्र गार पेजेचा डबा घेऊन आली आणि काहीच न झाल्यासारखी शेजारणीच्या गाईबद्दल बोलत बसली. तिला रागच आलाय की भीती वाटतेय, हे न्यामिझीला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण डबा येत राहिला.

मग लिमी आली. मागु गावातलं शेत सोडून आलेली, पंचविशीची, पोर पाठीला बांधलेलं, सोबत आई. पहिलीच केमो होती आणि ती बसायला तयार नव्हती. कोणीतरी तिला सांगितलं होतं, इथे एक मासळीवाली आहे, ती बरी झाली, तिला भेट. ती शोधत शोधत थेट न्यामिझीच्या खुर्चीपाशी आली आणि नळीकडे बघून थबकली.

"बरी झालेली बाई तुम्हीच ना?"

न्यामिझीनं पर्पेतुआकडे पाहिलं. पर्पेतुआ खिडकीबाहेर बघत होती. काय सांगायचं? हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तरी पुरतं खरं नव्हतं.

"मी बरी झाले होते," ती म्हणाली. "पुष्कळ दिवस चांगले गेले. मुलींची लग्नं केली. मग परत आजारी पडले. आता हे घेतेय."

"मग मी घेतलं तर मी बरी होईन?"

"मला माहीत नाही, बाळ. खूप जणी होतात. तुझं काय होईल ते मला सांगता येत नाही."

लिमीनं आईकडे पाहिलं, पोराला नीट बांधलं आणि चालू लागली. तिची आई न्यामिझीला म्हणाली, "हे सांगायला बसवलंय का तुम्हाला इथे?" आणि तीही गेली.

घरी येऊन न्यामिझी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. आपणच त्या पोरीला मारलं, असं तिला वाटत होतं. बुजिकू म्हणाला, "खोटं सांगून बसवली असतीस आणि मग तिचा परत आला असता तर?"

"तर ती तोवर जिवंत असती."

पर्पेतुआला विचारलं, तर ती म्हणाली, "मी असते तर खोटं सांगितलं असतं. पण मी बरोबर असते की नाही, ते मला नको विचारूस."

काही आठवड्यांनी लिमी परत आली. पाठीला पोर नव्हतं, ते बाहेर आईपाशी होतं. ती न्यामिझीच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि हात पुढे केला. न्यामिझीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमच्यामुळे नाही आले," लिमी जरा फणकाऱ्यानंच म्हणाली. "गाठ फुटली. दुखतं. आईनं रडून रडून आणलं."

"बरं केलंस."

"औषध आत जाताना दुखतं का?"

"गार लागतं. दंडापर्यंत. मग काही नाही."

लिमीनं सुई जाताना तोंड फिरवलं आणि दुसरा हात नुसताच पुढे केला. न्यामिझीनं तो धरला. आपल्या बधिर बोटांना तिची पकड जाणवत नव्हती, म्हणून तिनं डोळ्यांनी बघितलं, की पोरीनं घट्ट धरलंय.

पावसाळा संपताना न्यामिझीच्या पाठीचं नवं चित्र काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन ठिकाणी कमी झालंय, एका ठिकाणी तसंच आहे. केमो चालू ठेवू.

बाहेर बुजिकू बाकावरून उठला. "काय म्हणाल्या?"

"थोडं गेलंय. थोडं आहे."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, सध्या चांगलं."

"सध्या म्हणजे?"

"कुल्वाचे बाबा, आता तुम्हीच आत जाऊन विचारा."

तो खरंच दाराकडे वळला. तिनं त्याला शर्टाला धरून ओढलं, आणि दोघं धोबीखान्यामागच्या वाटेनं निघाली. मंगळवार होता. खडकावर बायका बसल्या होत्या. त्यांच्यात एक नवी बाई मान खाली घालून रडत होती. पर्पेतुआनं दोघांना येताना पाहिलं, पण या वेळी हाक मारली नाही, कोणाला पुढेही ढकललं नाही. फक्त थोडी सरकून खडकावर जागा केली. बुजिकू झाडाखाली थांबला. न्यामिझी जाऊन त्या नव्या बाईच्या शेजारी बसली, आणि काय बोलायचं ते न सुचून, तिनं आधी तिचं नाव विचारलं.