मले कोनी इचारलं नाही

सगळ्यांच्या छातीवर नावाचे स्टिकर होते. आईच्या स्वेटरवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘बेनिफिशियरी’. लाभार्थी.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं तो स्टिकर बोटानं नीट दाबून बसवला आणि मला विचारलं, "माहं नाव लिवलं का वं?"

मी यजमानीणबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, "वहिनी, आईचं नाव यमुना आहे."

"अगं, घाईत लिहिलं. आणि गेस्ट्सना कळायला हवं ना, त्या कोण आहेत ते! एवढं काय, यार."

अमेरिकेतल्या कॅरी शहरातलं मोठं घर. दुपारची वेळ. आमच्या मराठी मंडळींचा एक गट भारतातल्या खेड्यांत कुटुंबनियोजनाची शिबिरं भरवायला निधी गोळा करतो. वर्षातून एकदा असा कार्यक्रम असतो. पाच-सहा अमेरिकन पाहुणेही बोलावतात. गटाचे प्रमुख म्हणजे या घराचे मालक. त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात. मी औषधांच्या कंपनीत आकडेवारीचं काम करते, म्हणून गटाचे आकडे माझ्याकडे. शिबिरात किती बायकांची ऑपरेशनं झाली, त्यावरून किती जन्म टळले, त्याचा तक्ता मी करते. स्तंभाचं नावच ते आहे. टळलेले जन्म.

आई यवतमाळकडून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. तिचं ऑपरेशन अशाच शिबिरात झालं होतं, हे बोलता बोलता मी डॉक्टरांना सांगितलं. ते खूश झाले. "मावशींना दोन मिनिटं बोलू दे. तू ट्रान्सलेट कर." आईला विचारलं तर ती लगेच तयार झाली. त्या ऑपरेशनबद्दल तिला आजवर कोणी बोल म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी माइक घेतला. "मावशी, मुलं किती?"

"तीन पोरी. मंग पोरगं."

"आणि ही कितवी?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तिसरी."

"म्हणजे तू थोडक्यात वाचलीस गं! कॅम्प दहा वर्षं आधी आला असता, तर आमच्या स्लाइड्स कोणी केल्या असत्या?"

हशा झाला. डॉक्टरांनी तोच विनोद इंग्रजीत सांगितला. पुन्हा हशा. सगळे हसतात म्हणून आईही हसली.

मी उभी होते. माझ्याच तक्त्यातल्या स्तंभात मला कोंबून ते हसत होते.

मग आई बोलली. हळू, माइकपासून लांब तोंड धरून.

"मले कोनी इचारलं नाही. सासऱ्याले इचारलं. त्यानंच हो म्हटलं. मले सांगतलं, ताकदीचं इंजेक्शन आहे."

मागून वहिनींचा आवाज आला, "किती क्यूट बोलतात ना या!"

डॉक्टर माझ्या कानाशी आले. "एवढं नको. ग्रेटफुल आहेत म्हण. बस."

मला तो दिवस आठवतो. शिबिर माझ्याच शाळेत होतं. मी दुसरीत होते. आम्हाला सुट्टी दिली होती आणि आमच्याच वर्गातली टेबलं जोडली होती. ऑपरेशन झालेल्या बायका व्हरांड्यात फरशीवर ओळीनं टाकलेल्या. प्रत्येकीच्या मनगटावर चिकटपट्टी, पट्टीवर नंबर. मी आईला तिच्या पायांवरून ओळखलं. नर्सबाईंना म्हटलं, ही माझी आई. त्या म्हणाल्या, "नंबर सांग."

पुढच्या पावसाळ्यात माझा भाऊ तापानं गेला. आता आईला मूल होणार नव्हतं. ते ऑपरेशन कायमचं असतं, हे तिला तेव्हा कळलं. आजी तिला जेवताना म्हणायची, "कापलेली बाई. काय कामाची?" घरात दुसरी सून आणायची भाषा सुरू झाली. आली नाही, कारण तेवढी ऐपत नव्हती. बाकी काही कारण नव्हतं.

यातलं काहीच कोणत्या तक्त्यात नाही. माझ्याही नाही.

माझंही ऑपरेशन झालंय. इथेच, दोन मुलांनंतर, माझ्या इच्छेनं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाहेर बसवून मला एकटीला विचारलं. कायमचं आहे, चालेल का? विचार करून या म्हणाल्या. ऑपरेशनच्या दिवशी पुन्हा विचारलं. मला दोनदा. आईला एकदाही नाही.

मी माइक घेतला. आईचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सासऱ्याचं. इंजेक्शनचं.

डॉक्टर हसत पुढे आले. माइक माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "व्हॉट शी मीन्स इज, थँक यू!" आणि टाळ्या वाजवू लागले.

सगळ्यांनी वाजवल्या. आईनं हात जोडले.

गाडीत तिनं विचारलं, "त्याईले आवडलं का वं?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "नाही आवडलं. त्यांनी तुझं बोलणं बदललं."

मग ती स्वेटरवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय लिवलं हाय, खरं सांग."

मी सांगितलं.

तिनं स्टिकर ओढून काढला. लोकरीचे धागे निघाले त्याच्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "इमोशनल झालीस तू. होतं असं. स्लाइड्स कधी देतेस?"

मी म्हटलं, "किती जणींना एकटीला विचारलं, ते सांगा. किती जणींना कायमचं आहे म्हणून सांगितलं, ते सांगा. किती आजारी पडल्या, किती मेल्या. ते आणा, मग तक्ता करते."

"असा डेटा कोण ठेवतं?"

"मग जन्म टळले म्हणून कोण मोजतं?"

त्यांनी फोन ठेवला. गटाच्या यादीतून माझं नाव काढलं. आता स्लाइड्स दुसरं कोणीतरी करतं.

कुटुंबनियोजनाला माझा विरोध नाही. बाईला गुरासारखं ओळीत टाकून त्याला उपकार म्हणण्याला आहे. पुढच्या वर्षी ते आणखी कोणाची तरी आई उभी करतील. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. आत घेतलं नाही, तर दारात उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारीन, तिला विचारलं होतं का? आणि माझ्या छातीवर आईचं नाव असेल. यमुना. पूर्ण, मोठ्या अक्षरांत.