फळीवरची काळी रेघ

हे मी यंदापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आईला तर नाहीच. ज्या एका टी-शर्टमुळे चार लोक मला ओळखतात, त्याच्यावरचं चित्र माझं नाही. पांढरा टी-शर्ट, छातीवर लाल, निळे, हिरवे, पिवळे थर, एकाखाली एक, तिरके कापल्यासारखे. तुमच्या घरीही असेल एखादा, कदाचित आता फरशी पुसायला निघाला असेल. गळ्याच्या आत बारीक अक्षरांत छापलंय, ‘कलाकार : विलास’. तो विलास मी. आणि ते खोटं आहे.

इथेच थांबता आलं असतं तर किती सोपं होतं! चोरी केली, कबूल केली, मोकळा झालो. पण चोरी हा यातला लहान भाग आहे. मोठा भाग एका फोनवरच्या तीन-चार वाक्यांचा आहे, आणि तिथे पोचायला मला थोडा वेळ लागणार आहे. आठ वर्षं टाळलंय — सरळ चालत जाता येत नाही.

जयवंत माझा मित्र. वेसाव्याचा कोळी. आम्ही दोघं एकाच वर्गात कमर्शियल आर्ट शिकलो. तो मला विल्या म्हणायचा, मी त्याला जया. शिक्षण संपल्यावर मी अंधेरीला एका कपड्यांच्या कंपनीत डिझाइनला लागलो. माझे वडील गिरणीतून घरी बसलेले, मला पगाराची घाई होती. जयवंतला नव्हती का? त्यालाही होती. पण तो सकाळी आईबरोबर मासळी उतरवायचा, दुपारी लोकांच्या होड्यांवर नावं रंगवायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम करायचा. स्वतःचं काम — हा शब्द त्याच्या तोंडी शोभायचा. मी वापरला की मला लाज वाटायची. वाटायला हवी होती, त्याहून कमीच वाटली.

त्याचं काम काय होतं ते नीट सांगतो, कारण ते मी आठ वर्षं मुद्दाम धूसर ठेवलंय. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत त्यांना नवा रंग देतात. जयवंतच्या घरच्या होडीचा जुना रंग कधी पुरता खरवडला गेला नाही, त्याच्यावरच नवा चढत गेला. एक वर्ष, एक थर. ती होडी मोडीत निघाली तेव्हा त्याने तिच्या पुढच्या टोकाची एक फळी ठेवून घेतली आणि पॉलिश पेपरने ती तिरकी घासत बसला. किती आठवडे, कुणास ठाऊक. झाडाच्या बुंध्यात वलयं दिसावीत तशी घरातली सगळी वर्षं उघडी पडली.

“हे बघ विल्या, हा माझा दहावीचा हिरवा. हा पिवळा ताईच्या लग्नाचा, दुकानदाराने चुकून भलताच डबा दिलेला, बाबा काय पेटला होता! आणि हे...”

तिथे रंगच नव्हता. दोऱ्याएवढी काळी रेघ होती. त्याचे वडील गेले त्या वर्षी होडीला रंग लागला नाही. पाणी शिरू नये म्हणून त्याच्या आईने स्वतःच्या हाताने डांबराचा एक हात मारला आणि होडी तशीच समुद्रात गेली. सगळ्या होड्या नटलेल्या, ही एकटी काळी.

मी ती फळी हातात धरली आणि मला काय वाटलं? मत्सर. दुसरं काही नाही.

गोरेगावच्या एका गॅलरीकडे त्याला अर्ज करायचा होता. चांगले फोटो हवे होते आणि चांगला कॅमेरा माझ्या ऑफिसात होता. त्याने फळी जुन्या साडीत गुंडाळून माझ्याकडे आणून दिली. मी फोटो काढले, त्याला पाठवले, फळी परत केली. माझ्या कॉम्प्युटरवरची फाइल मात्र तशीच राहू दिली.

महिन्याभरात आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं — आजची कला रोजच्या कपड्यांवर आणायची. भिंतीवरची चित्रं टी-शर्टवर, बाजाराला जातानाही अंगावर कला! कल्पना वाईट नव्हती. आजही नाही म्हणणार. चित्राने भाजी आणायला का जाऊ नये? पण भिंतीवरच्या चित्राखाली नाव असतं. कपड्यावर चढताना ते नाव कुठे गळतं, हे आमच्या धंद्यात कुणी विचारत नाही. ‘इन्स्पायर्ड’ म्हणायचं, झालं. या शब्दाची मला आता किळस येते. उचललं म्हणा ना! आम्ही गोधड्या उचलल्या, ट्रकच्या मागची फुलं उचलली, कुणा आजीच्या दारातली रांगोळी उचलली आणि प्रत्येक वेळी म्हणालो, हे तर सगळ्यांचंच आहे. ज्याला नाव माहीत आहे त्याने ‘सगळ्यांचंच’ म्हणणं याच्याइतका पाजीपणा नाही. आणि मला नाव माहीत होतं. मला त्याच्या घरचं जेवण माहीत होतं.

मी फाइल उघडली.

छपाई साकीनाक्याला व्हायची. टी-शर्टच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट, लागतो आणि त्या मशीनवर सहाच बसायचे. फळीत काळा धरून सात रंग. छपाईवाल्याने कॉम्प्युटरवरच्या चित्रावर बोट ठेवलं. “विलासभाय, ये काला क्या है? दाग है ना?”

मी म्हणालो, “हां, दाग है. उडा दे.”

मग त्याची वाट न बघता मीच खुर्ची ओढली आणि ती रेघ शेजारच्या निळ्यात मिसळून टाकली. दोन मिनिटंही लागली नाहीत. एका बाईने डांबराचा ब्रश हातात घेऊन काढलेलं वर्ष, आणि मी त्याला डाग म्हणालो. नकळत? छे. नकळत काहीच नव्हतं.

टी-शर्ट चालला. गळ्यात माझं नाव. आई गावाकडची, मालवणी बोलणारी. ती टी-शर्ट घेऊन बोरिवलीच्या आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर फिरली — “माज्या झिलाचा नाव कपड्यार इला!” माझ्या मुलाचं नाव कपड्यावर आलं. मी जिन्यात उभा राहून हसलो.

जयवंतला कळणार नाही असं मी का धरून चाललो होतो? त्याच्या भाचीनेच तो विकत घेतला. घालून आजीसमोर उभी राहिली. म्हातारीने आधी टी-शर्टचं टोक धरलं, मग जवळ ओढून पाहिलं आणि म्हणाली, “ही आपली होरी हाय. पन काली रेघ कुठं गेली?”

हे मला जयवंतनेच फोनवर सांगितलं. तो चिडेल म्हणून मी तयारी केली होती. तो हसत होता! “काय रे विल्या, आमची होडी लोकांच्या पोटावर फिरवतोस आणि मला सांगत नाहीस? पार्टी कुठाय?” मी म्हणालो, सरप्राइज द्यायचं होतं. नाव कंपनीने चुकून माझं छापलं, पुढच्या लॉटला तुझं येईल. त्याने विश्वास ठेवला. फक्त एवढंच म्हणाला, “आईला रेघेचं जरा लागलं यार. एक स्क्रीन जास्त बसला नसता का?” मी मशीनचं कारण सांगितलं. ते कारण खरं होतं, म्हणून तर जास्त संतापजनक आहे. पुढचे लॉट निघाले. प्रत्येकावर विलास.

आता तो फोन.

गॅलरीने जयवंतची कामं निवडली होती. त्याचं पहिलं प्रदर्शन, सोळा फळ्या — आता लोक मोडीतल्या होड्यांच्या फळ्या त्याला आणून देत होते. आणि एका दुपारी गॅलरीतल्या बाईंचा मला फोन आला. सभ्य, अडखळत बोलत होत्या. म्हणाल्या, “सर, जरा नाजूक आहे. आमच्याकडे एक कलाकार आहेत, त्यांची कामं तुमच्या त्या टी-शर्टसारखीच आहेत. अर्जात त्यांनी कल्पना स्वतःची म्हणून लिहिली आहे. तुम्ही काय सांगाल?”

एक वाक्य पुरेसं होतं. ‘त्याचीच आहे.’ दोन शब्द. त्यासाठी शौर्य लागत नव्हतं, फक्त तोंड उघडायला हवं होतं.

मी म्हणालो, “अहो, जयवंत माझा जुना मित्र आहे. चांगला मुलगा आहे. माझं काम बघत असतो, बघून बघून हातात येतं कधीकधी. तुम्ही त्याला काही बोलू नका प्लीज, त्याला वाईट वाटेल.”

वाचलंत? मी त्याला नुसतं चोर ठरवलं नाही — वर क्षमाशील मालकाचा आव आणला. बाई म्हणाल्या, “तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात सर.” आणि मी म्हणालो, “असं काही नाही हो.”

असं काही नाही हो! स्वतःच्या आवाजाची इतकी चीड मला कधी आली नव्हती. पण चीड आली आणि मी फोन ठेवून चहा मागवला. चिडीचा उपयोग काय, जर तिने एक बोटही हलवलं नाही?

प्रदर्शन रद्द झालं. जयवंतला कारण सांगितलं नाही — माझ्याच विनंतीवरून. आणि तो कुणाकडे आला? माझ्याकडे. ऑफिसखालच्या टपरीवर उभा राहिला, हातात ग्लास तसाच. “काय चुकलं असेल रे?” दहादा विचारलं त्याने. “फळ्या घाण वाटल्या असतील का? वास येतो का त्यांना?” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “सोड यार, या गॅलरीवाल्यांना काय कळतं.”

त्यानंतर त्याने फळ्या घासणं सोडलं. कुणी म्हणेल, खरा कलाकार असता तर सोडलं नसतं. असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. माणूस आठवडेच्या आठवडे हात सोलून काम करतो आणि जग कारणही न सांगता दार लावतं. आणि दार लावणारा हात त्याच्याच खांद्यावर असतो. तो होड्यांवर नावं आणि नंबर रंगवत राहिला. मी हळूहळू फोन कमी केले. त्याच्यासमोर बसवत नव्हतं, याला मी कामाचा व्याप म्हणत आलो.

यंदा कंपनीने तोच टी-शर्ट पुन्हा काढायचं ठरवलं आणि पवईला कॉलेजच्या मुलांसमोर मला बोलायला उभं केलं. एका मुलीने विचारलं, “सर, रंगांचा क्रम कसा ठरवलात? पिवळा मध्येच एकदाच का येतो?”

ताईचं लग्न. दुकानदाराचा भलता डबा. पेटलेला बाबा. मला सगळं माहीत होतं आणि मी म्हणालो, “आतून येतं ते.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्ये, खरं सांगतो, मला स्वतःची दया येऊ लागली. तेव्हा मात्र कळलं की आता तीही चोरी होईल. दयासुद्धा त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीला लेखी कळवलं — चित्र जयवंतचं आहे, मी विचारल्याशिवाय घेतलं, नाव काढा. गॅलरीला फोन केला. त्या बाई तिथून केव्हाच गेल्या होत्या, नंबर शोधून त्यांना गाठलं आणि सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुम्ही मला त्यात वापरलंत.” हो. त्यांनाही.

मग वेसाव्याला गेलो. नारळी पौर्णिमा आठवड्यावर होती, किनाऱ्यावर होड्या आडव्या-तिडव्या, रंगाचा वास. जयवंत एका होडीच्या टोकाशी उकिडवा बसून अक्षरं काढत होता. केस पांढरे झालेत. त्याची आई खुर्चीवर कोलंबी सोलत होती. आजूबाजूला दहा-बारा माणसं. त्याने मला पाहिलं आणि ओरडला, “अरे, साहेब! रस्ता चुकला काय?” माणसं हसली. बाजूला चल म्हणण्याचा मोह झाला मला. पण त्याचं नाव मी चारचौघांच्या अंगावरच्या कपड्यांवरून घालवलं होतं, तेव्हा बाजूला घेऊन काय बोलणार?

मी उभ्यानेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “जया, तुझं प्रदर्शन फळ्यांमुळे गेलं नाही. मी घालवलं. गॅलरीने मला विचारलं होतं, कल्पना कुणाची. मी म्हणालो, माझी, आणि तू माझं बघून करतोस. तू टपरीवर मला विचारत होतास तेव्हाही मला माहीत होतं. टी-शर्टवर माझं नाव चुकून आलं नव्हतं, मी दिलं होतं. मी तुझा अपराधी आहे.”

त्याचा ब्रश अक्षराच्या मध्येच थांबला होता. मी तिथून वळलो आणि त्याच्या आईसमोर खाली वाळूत बसलो.

“काकी, ती काळी रेघ मशीनने काढली नाही. मी काढली. तुमच्या हातच्या डांबराला मी डाग म्हणालो.”