मेरा था, हबीबी

रविवारी दुबईत जबल अलीच्या मैदानावर आमची कंपनी बेसबॉल खेळते आणि स्कोअर मी लिहितो. बॅटरमागे बसून पिचरचे चेंडू पकडणारा आमचा कॅचर जळगावकडचा, शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला. उकिडवा बसताना त्याचे गुडघे वाजतात, पण तोंड क्षणभरही मिटत नाही.

पिचरने वेडावाकडा टाकलेला चेंडू निसटला, तर दोष पिचरचा. पकडण्याजोगा सुटला, तर कॅचरचा. हे ठरवायचं काम माझं. यंदा कॅचरच्या नावावर अशी एकही चूक नव्हती आणि हे तो कंपनीच्या बसमध्ये अनोळखी माणसालाही ऐकवायचा.

परवा आमच्या मल्याळी पिचरला कॅप्टनने बजावलं, "एक और खराब बॉल, और तू खलास. बाहर!"

पुढचाच चेंडू मातीत आपटून कॅचरच्या आवाक्याबाहेर मागे गेला. कॅचर हात वर करून ओरडला, "मेरा था, हबीबी! मैं सो गया था. यल्ला, डाल!"

कॅप्टन माझ्याकडे वळला. "साहब, किसका था?"

"मॅच होने दो, फिर बताता हूँ," मी म्हणालो.

पिचरचा पुढचा चेंडू थेट ग्लोव्हमध्ये वाजला.

मॅच संपल्यावर मी दोष पिचरच्याच नावावर लिहिला, कारण तो त्याचाच होता. कॅचर वाकून बघत होता. म्हणाला, "बरोबर आहे भाऊ. फक्त पिचरला दाखवू नका."